तीळभर जखम आणि हिरव्या खणाची पट्टी

आमच्या घरात आजवर एकाच्याच पायाला माझ्या हातून जखम झाली, आणि तो बोकड होता. (नवऱ्याच्या पायावर पाटा पडला ते वेगळं. तो पाटा स्वतःहून पडला.)

बोकडाचं नाव काजळ्या. अंगाने पांढरा, डोळ्यांभोवती मात्र काजळाची डबी सांडल्यासारखी काळी वर्तुळं. त्याची आई त्याला जन्म देऊन गेली तेव्हा माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं. तो त्यांच्या मागे मागे विहिरीवर जायचा, त्यांच्या मागे मागे दळणाला जायचा, आणि त्या जेवायला बसल्या की उंबऱ्यात उभा राहून भाकरीकडे अशा नजरेने बघायचा की सून म्हणून मला माझीच लाज वाटायची. त्या घरात आधी आलेला तो होता. मी नंतरची.

मी नगरची. वडील शाळामास्तर. घरात पुस्तकं भरपूर, आणि जनावर म्हणाल तर एक मांजर, तेही शेजाऱ्यांचं. आमच्या स्वयंपाकघरात कांदासुद्धा दबकत शिरायचा. वडिलांचाच एक विद्यार्थी पारनेर तालुक्यात आपल्या गावच्या शाळेवर मास्तर झाला, आणि मी हट्ट करून त्याच्याशी लग्न केलं. गावात आले ती सगळं येतं अशा थाटात. मला व्याकरण यायचं, पेटी वाजवता यायची आणि रुमालावर मोर भरता यायचा. गावाला या तिन्ही गोष्टींची तितकीशी निकड नव्हती.

आत्याबाई वाईट नव्हत्या. पण गोठा त्यांचा. मी आत पाऊल टाकलं की म्हणायच्या, "तू आपली पोथी वाच, माय. शेरडांना वाचता येत न्हाई."

त्या गोठ्यात मला त्यांनी आपणहून बोलवावं, एवढीच माझी तेव्हाची इच्छा होती. दागिने नकोत, साडी नको. नुसतं "ये गं, जरा हिचं कान धर" म्हटलं असतं तरी मी माहेरी पत्र लिहिलं असतं.

तर झालं असं, की नणंदेला मुलगी झाली आणि आत्याबाई बाळंतिणीपाशी अकोले तालुक्यात निघाल्या. जाताना डिंकाच्या लाडवांचा डबा काखेत धरून मला बजावलं, "पाला टाक, पानी पाज. बाकी कशाला हात लावू नगं. काजळ्याची खुरं वाढल्यात, ती मी आल्याव तासीन."

आता मला सांगा, एवढं स्पष्ट सांगितल्यावर शहाणी मुलगी काय करेल? बरोबर. मी नव्हते ती.

दुसऱ्याच संध्याकाळी मी यांना म्हटलं, "आपण काजळ्याची खुरं तासून टाकू. आत्याबाई आल्या की बघतच राहतील."

"तुला येतं?"

"त्यात काय येण्यासारखं आहे? नखंच ती."

यांनी बोकड धरायचा आणि मी चाकू चालवायचा असं ठरलं. हे वर्गात पोरांना कान धरून उभं करणारे मास्तर, पण बोकडाला कसं धरावं हे यांना आणि कसं धरवून घ्यावं हे बोकडाला, दोघांनाही नीट माहीत नव्हतं. शेवटी यांनी त्याला मिठी मारली. मी पाय उचलला. पहिल्यांदा नुसता चिखल निघाला. मग कड निघाली, छान चंद्रकोरीसारखी. माझा उत्साह वाढला. आणखी थोडं, आणखी थोडं, असं करत करत मी जिथे थांबायला हवं होतं त्याच्या एक सूत पुढे गेले.

काजळ्याने पाय झटकला. त्याच्या खुरावर रक्ताचा एक थेंब आला. चाकू सरकला आणि माझ्या अंगठ्यावर दुसरा. हे दोन्ही थेंब पाहून आमचे मास्तर म्हणाले, "मला जरा..." आणि वाक्य पूर्ण न करताच गव्हाणीत बसले. (व्याकरणाच्या मास्तरांनी आयुष्यात अर्धवट सोडलेलं हे एकमेव वाक्य.)

मग माझ्यातली परिचारिका जागी झाली.

सगळ्यात आधी हळद. जखम तिळाएवढी होती, पण मी वाटीभर हळद आणली. काजळ्या पाय नाचवत होता, त्यामुळे जखमेवर चिमूटभर बसली आणि बाकीची आम्हा दोघांच्या अंगावर. मग पट्टी. घरात फडकी होती, पण ती जुनी. आत्याबाईंच्या लाडक्याला जुनं फडकं बांधायचं? मी माझ्या पेटीतला हिरवा खण काढला, ओटीत आलेला, कोरा. फाडला आणि बांधला. चार पावलं टाकताच तो घसरून खाली आला. मग मी दुसरी पट्टी फाडली, पायाच्या पट्टीला जोडली, खांद्यावरून नेली आणि गळ्याभोवती घट्ट गाठ मारली. हात मोडलेल्या माणसाला झोळी करतात ना, त्या धर्तीवर. शेवटी त्याची समजूत काढायला मी हळदीच्या हाताने त्याचं कपाळ कुरवाळलं. माझ्या अंगठ्याचं रक्त थांबलं नव्हतं याकडे माझं लक्ष गेलं नाही.

आता डोळ्यांपुढे आणा. पांढराशुभ्र बोकड. गळ्यात कोरा हिरवा खण. कपाळाला हळदीचा मळवट आणि त्याच्या बरोब्बर मधोमध लाल टिळा. आणि वेशीवरच्या म्हसोबाची जत्रा तोंडावर आलेली.

गावातल्या शेंबड्या पोरालाही याचा अर्थ कळला असता. मला वाटलं, पट्टी फार सुबक झाली.

हे दुसऱ्या दिवशी पहाटेच आठवडाभराच्या प्रशिक्षणासाठी नगरला गेले, डोळे अजून नीट न उघडताच. नाहीतर यांनी तरी मला सांगितलं असतं. सकाळी शेजारच्या गऊबाई ताक मागायला आल्या. आत्याबाईंची ही मैत्रीण. गावात काय शिजतंय ते हिला चुलीआधी कळायचं. गोठ्याकडे बघून त्या जागच्या जागी थांबल्या आणि त्यांनी हात जोडले.

"कवा केलंस गं हे?"

"काल संध्याकाळी," मी अभिमानाने म्हटलं.

"सासूला इचारलं?"

"त्या कशाला करू देतात? मीच धीर केला."

"लई धीराची हायेस," गऊबाईंचे डोळे भरून आले. "आमाला वाटलं हुतं, शिकलेली पोर, देवाधर्माचं काय कळायचं हिला."

पायाच्या जखमेत देवाधर्माचं काय, असं मला वाटलं खरं. मी सांगायला लागले, "अहो, त्याचं काय झालं..."

त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "बोलू नगं. असलं बोलून दावायचं नसतं. फळत न्हाई." आणि ताक तिथेच विसरून निघून गेल्या.

दुपारपासून बायका यायला लागल्या. मला वाटलं, केवढं हे प्रेम! आमच्या नगरच्या गल्लीत माणूस आजारी पडला तरी चौकशी दुसऱ्या दिवशी व्हायची, इथे बोकडाच्या खुराला लागलं तर अख्खी आळी लोटली. कुणी त्याला कुंकू लावलं, कुणी मक्याचं हिरवं कणीस खाऊ घातलं. एका आजीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, बरगड्या चाचपल्या, मांडीला चिमटा काढून पाहिलं.

"ताप नाही ना?" मी काळजीने विचारलं.

"न्हाई," आजी म्हणाली. "भरल्याला हाय चांगला. आख्ख्या आळीला पुरंल."

हे मला जरा विचित्र वाटलं. पण गावाकडची भाषा, म्हटलं असेल काहीतरी. काहींनी माझीही ओटी भरली. एकीने माझ्या पोटाकडे पाहून डोळे मिचकावले. मी पण मिचकावले. पाहुण्यांशी मिळून मिसळून वागावं असं आईने सांगितलं होतं.

इकडे मी उपचार नेमाने चालू ठेवले. रोज संध्याकाळी काजळ्यासमोर बसायचं, "पाय दे" म्हणायचं, पट्टी सोडायची, हळद लावायची, पुन्हा बांधायची आणि शहाण्यासारखा उभा राहिला म्हणून गुळाचा खडा द्यायचा. जखम दुसऱ्याच दिवशी कुठे होती ते शोधावं लागत होतं. पण काजळ्या हुशार. मी नुसती दारात दिसले तरी तो पुढचा पाय उचलून तीन पायांवर उभा राहायचा आणि माझ्या मुठीकडे बघायचा. मला वाटे, बिचाऱ्याला अजून किती दुखतंय! मग मी गुळाचा खडा मोठा करायची.

बातमी मात्र पायी गेली नाही. ती दुधाच्या टेम्पोत बसली, तिथून एस.टी.त, आणि अकोल्याला पोचेपर्यंत ती अशी झाली होती, की मास्तरणीला दिवस गेले, तिने मुलासाठी म्हसोबाला नवस बोलला आणि काजळ्या लावला देवाला.

आत्याबाई बाळंतिणीला सोडून तशाच निघाल्या.

मी दारातून पाहिलं. टेम्पोतून उतरल्या, गाठोडं अंगणात टाकलं आणि घरात न येता सरळ गोठ्यात. मी दाराआड उभी. आता बोलणी बसणार म्हणून मनात उत्तरं तयार करत होते. पण आवाज येईना. बघते तर त्या जमिनीवर बसलेल्या, काजळ्याचं तोंड मांडीवर, आणि त्या त्याच्या कानात काहीतरी सांगतायत. हिरव्या खणाला त्यांनी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

मग आत आल्या. मी पाण्याचा हंडा उचलायला गेले तर हिसकावून घेतला. "बस खाली. उचलाउचली करायची न्हाई." गाठोड्यातून डिंकाचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. नणंदेसाठी केलेला. मला कळेना, अंगठा कापल्यावर डिंकाचा लाडू देतात की काय इकडे.

"मला आदी सांगायचं न्हाई का?"

"मला वाटलं, तुम्ही रागवाल."

"रागावू कशाला? काजळ्या मला पोटच्यावानी हाय, खोटं न्हाई बोलत." त्यांनी पदराने नाक पुसलं. "पर तुज्या पोटचं त्याच्याहून मोटं. देऊ आपुन. मी नेते त्येला म्हसोबाला. तू येऊ नगं, तुला बघवायचं न्हाई."

"म्हसोबाला?" मी म्हटलं. "जनावरांचा दवाखाना तिकडे हलवला का?"

आत्याबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी एकेक प्रश्न विचारला आणि मी एकेक उत्तर दिलं. चाकू, खूर, हळद, खण, अंगठा. अंगठा त्यांनी हातात घेऊन उलटासुलटा पाहिला.

"म्हंजी नवस न्हाई?"

"नाही."

"आन पोटात?"

"सकाळची भाकरी आहे."

आणि तेव्हा कुठे मला कळलं की मी काय करून ठेवलंय. त्या आजीने मांडी का चाचपली तेही कळलं. मी अशी रडले, अशी रडले, की शेवटी आत्याबाईंनी दुसरा लाडू दिला.

"मी आत्ता जाऊन सगळ्यांना सांगते, ही पट्टी आहे म्हणून," मी उठले.

"बस. गाव काय म्हनंल? म्हातारीला बोकड सुटंना, म्हनून सुनेला खोटं बोलाया लावलं. आन मग तुला कवा शिंक आली तरी म्हसोबा कोपला म्हनत्याल. मूल व्हायला येक वरीस उशीर झाला, तरी तुज्याच नावानं बोटं मोडत्याल. जन्मभर." त्यांनी मला हाताला धरून खाली बसवलं. "बोकड ग्येला तर मी दोन दिस रडंन. तुला जन्माचा बोल नगं."

लग्न होऊन वर्ष होत आलं होतं. त्या घरात मी काजळ्याच्या आधी आहे, हे मला पहिल्यांदा त्या दिवशी कळलं. आणि ते कळल्यावर मला काजळ्या आणखीच हवाहवासा वाटायला लागला.

संध्याकाळी सवयीने मी गोठ्यात गेले. आत्याबाई वैरण टाकत होत्या. मला बघताच काजळ्याने पाय उचलला, तीन पायांवर पुतळ्यासारखा उभा. माशी नाकावर बसली तरी हलेना.

"ह्ये काय नवीन?" आत्याबाईंनी विचारलं.

"त्याला अजून दुखतंय," मी हुंदका देत गूळ दिला. त्याने पाय खाली टाकला आणि उड्या मारत गव्हाणीकडे गेला.

आत्याबाईंनी वैरण टाकायची थांबवली. माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "उद्या तू बी चल म्हसोबाला. म्होरं उभी ऱ्हा. आन मूठ झाकून ठिव."

"मुठीत काय?"

"काय न्हाई. हात जोडताना थरथर दिसू ने म्हनून."

त्या वेळी मी इतकी दुःखात होते, की हेही मला पटलं.

दुसऱ्या दिवशी जत्रा. म्हसोबापुढे सगळी आळी जमलेली. मसाला वाटून झालेला, चुली पेटलेल्या. आत्याबाई पुढे झाल्या आणि गुरवबाबांना म्हणाल्या, "रीतीपरमानं आदी देवाला इचारा."

आमच्याकडे रीत अशी, की बोकडावर पाणी शिंपडायचं. त्याने अंग झाडलं तर देवाने मान्य केलं. नाही झाडलं तर देवाला नको. आता शेळीच्या जातीला पाण्याचं वावडं. थेंब पडायचा अवकाश, शेपटापासून कानापर्यंत झाडून मोकळी होते. त्यामुळे नको म्हणणारा देव आमच्या गावाने पाहिलेला नव्हता. बायकांनी कांदा चिरायलाही घेतला होता.

मी समोर उभी राहिले, मूठ मिटून. काजळ्याने मला पाहिलं. मूठ पाहिली. आणि पुढचा पाय उचलून धरला.

गुरवबाबांनी पाणी शिंपडलं. काजळ्याच्या पाठीवरची कातडी नुसती थरकली. अंग झाडायचं तर चारही पाय रोवावे लागतात, आणि पाय खाली टेकवला तर गूळ बुडतो. तो तसाच उभा.

"पुन्यांदा," कुणीतरी म्हणालं.

पुन्हा शिंपडलं. थेंब त्याच्या दाढीवरून टपटप गळत होते. नजर माझ्या मुठीवर.

तिसऱ्यांदा गुरवबाबांनी तांब्याच उपडा केला. काजळ्या शिंकला. गर्दीत खळबळ झाली. "झाडलं, झाडलं!" एक जण ओरडला.

"शिंकला त्यो," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या.

"शिंक चालती का, बाबा?"

गुरवबाबांनी डोकं खाजवलं. असा प्रसंग त्यांच्या वडिलांवरही आला नव्हता. "शिंकेचं काय सांगितल्यालं न्हाई," ते म्हणाले. "देवाला नको दिसतोय."

आत्याबाईंनी तोंड एवढंसं केलं. "नको तर नको. त्येच्या म्होरं आपुन कोन?" आणि काजळ्याच्या गळ्यातला खण सोडून त्यांनी देवापुढे ठेवला. गावाला मटणाऐवजी गुळाची लापशी मिळाली. गऊबाई कितीतरी दिवस आमच्याशी तुटक बोलत होत्या, कारण कांदा त्यांच्या घरचा होता.

गर्दी पांगल्यावर मी मूठ उघडून काजळ्याला दाखवली. रिकामी. त्याने पाय खाली टेकवला, माझ्याकडे अतिशय तुच्छतेने पाहिलं आणि असं काही अंग झाडलं, की मी न्हाऊन निघाले. आत्याबाई पदर तोंडात धरून हसत होत्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"आत्याबाई, तुम्ही मुद्दाम..."

"असलं बोलून दावायचं नसतं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यातून हाक आली, "ये गं, जरा ह्येचं दुसरं खूर धर." मी माहेरी पत्र लिहिलं ते त्याच दुपारी. आत्याबाईंनी चाकू माझ्या हातात दिला आणि माझा हात आपल्या हातात घेतला. "माती काड आदी. मग पातळ, पातळ. गुलाबी दिसलं की थांब. माणसानं बी तसंच येळंला थांबावं." काजळ्या म्हातारा होऊन गेला. त्याआधी, आमची मुलगी जन्मली तेव्हा, आत्याबाईंनी गुळाचा पहिला खडा त्याला दिला. अर्थात त्याने पाय उचलल्यावर.

आता गोठा माझी नात मुक्ता बघते. तिच्याकडे खुरं तासायची कात्री आहे, निळ्या औषधाचा फवारा आहे. परवा एका शेळीच्या खुराला जरासं लागलं, तिने एकदा फुस्स केलं आणि झालं. मी म्हटलं, "निदान चिंधी तरी बांध." तर म्हणाली, "आजी, एवढ्याशाला पट्टी नसते. तू फक्त खाटेवर बस."

म्हणून मी फक्त बसते. संध्याकाळी ती दूध घालायला गेली की तेवढी गोठ्यात एक चक्कर मारते, बस.

गेल्या आठवड्यात मुक्ताने घाबरून जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. म्हणाली, सगळ्या शेळ्या अचानक लंगडायला लागल्यात, काहीतरी साथ आलीय. डॉक्टरांनी एकेक खूर तपासलं. काही सापडेना. शेवटी कपाळावरचा घाम पुसत त्यांनी विचारलं, "यांना कुणी गूळबीळ देतं का?"

मुक्ताने वळून माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी पाहिलं. सगळ्या शेळ्यांनी पाहिलं, एकेक पाय उचलून.

मी कनवटीतल्या गुळाची गाठ आत खोचली, गुडघ्यावर हात ठेवला आणि लंगडत लंगडत घरात गेले.